प्रक्षेपक बंद झाला, तेव्हा मी स्लॅबवर होतो

प्रति,
मा. माहिती व प्रसारण मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

स. न. वि. वि.

मंत्रिमहोदय, नागपूरच्या महालात माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. आता ते निम्मंच माझं. पुढच्या काउंटरवर मुलगा मोबाइलचे डिस्प्ले बदलतो, मागच्या टेबलावर मी, माझी सोल्डरिंग गन आणि गिऱ्हाइकांनी परत न नेलेले पाच-सहा टीव्ही. आयटीआय करून मी या धंद्यात पडलो ते साल 1984. त्या वर्षी काही महिने देशात सरासरी रोज दूरदर्शनचा एक प्रक्षेपक, म्हणजे टॉवरवरून चित्र हवेत सोडणारं यंत्र, सुरू होत होता. फिती कापल्या जायच्या, पेपरात फोटो यायचे. आमच्यासारख्या पोरांना वाटायचं, आता जन्मभराची भाकरी पक्की.

हे पत्र उद्घाटनांबद्दल नाही, दूरदर्शनचं अँटेनावर दिसणारं जुनं ॲनालॉग प्रक्षेपण बंद करण्याबद्दल आहे.

कोरोना ओसरल्यावरचा पावसाळा होता. गल्लीतल्या एका काकूंचा फोन आला. "भाऊ, टीव्ही नाही लागून राह्यला. नुसत्या मुंग्या येऊन राह्यल्या." काकू ऐंशीच्या घरातल्या, एकट्या राहतात. केबल त्यांनी घेतलीच नाही. दर महिन्याला कोणीतरी पैसे मागायला दारात उभं राहतं, हे त्यांना पटत नाही. एकवीस इंची जुना रंगीत टीव्ही, स्लॅबवर पाइपाला बांधलेला अँटेना, तिथून खिडकीतून आत आलेली चपटी वायर आणि बूस्टर. संध्याकाळच्या मराठी बातम्या लागल्या की त्यांचा दिवस पुरा होत असे.

मी गेलो. वायरचं टोक हिरवं पडलं होतं, ते कापून नवं केलं. बलून, म्हणजे वायर टीव्हीला जुळवून देणारा छोटा जोड, बदलला. बूस्टरचा अडॅप्टर मीटर लावून पाहिला, बरोबर बारा व्होल्ट. अँटेनाच्या दोन काड्या वांदरांनी वाकवल्या होत्या, त्या सरळ केल्या. मग अँटेनाचं तोंड दूरदर्शनचा टॉवर आहे त्या सेमिनरी हिल्सकडे धरून बोटभर इकडे, बोटभर तिकडे. जिन्यात शेजारचा पोरगा उभा केला होता. मी वरून विचारायचो, "आला का बे?" तो खाली डोकावून सांगायचा, "नाही जी, मुंग्याच हाय." पाऊण तास हेच. खाली येऊन टीव्हीचं मागचं झाकण उघडलं आणि ट्यूनरवर, म्हणजे चॅनेल पकडणाऱ्या भागावर, संशय घेतला. बिचाऱ्या ट्यूनरचा काही दोष नव्हता. शेवटी लाइनीतल्याच एका दोस्ताला फोन लावला. तो हसला. "अरे, कोणत्या जमान्यात आहेस? ते प्रक्षेपण तर बंद झालं!"

पेशंट ठणठणीत होता, कुलूप दवाखान्यालाच लागलं होतं. चाळीस वर्षं या धंद्यात राहून हे मला ठाऊक नसावं, ही माझी चूक. पेपरात बातमी येऊन गेली असेल, मी वाचली नसेल. पण मलाच ठाऊक नाही तर काकूंना कुठून असणार? त्या दिवशी मी पैसे घेतले नाहीत. काकूंनी बळेच हातावर शेव-चिवडा ठेवला.

मी डिजिटलच्या विरोधात नाही, हे आधीच सांगतो. ॲनालॉगचं एक चित्र पोचवायला जेवढी लहरींची जागा लागते, तेवढ्यात डिजिटलची चार-पाच चॅनेलं सहज बसतात आणि वीजही वाचते. जुन्या प्रक्षेपकांचे सुटे भाग मिळत नाहीत, हे मला कोणी वेगळं सांगायला नको. माझ्या टेबलावरही तीच रड आहे. ऑक्टोबर 2021 मध्ये दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीने जाहीर केलं की सामरिकदृष्ट्या मोक्याच्या ठिकाणचे पन्नासेक प्रक्षेपक सोडून बाकी सगळं ॲनालॉग प्रक्षेपण 31 मार्च 2022 पर्यंत बंद होईल आणि त्यातून वर्षाला शंभर कोटींच्या आसपास खर्च वाचेल. त्या पन्नासात देशाच्या मधोमध बसलेल्या नागपूरचं नाव असण्याचं कारणच नव्हतं. निर्णय बरोबर होता. पण निवेदन वाचलं कोणी? ते फिरलं इंटरनेटवर, आणि ज्याच्या घरी इंटरनेट आहे त्याला अँटेना लागतच नाही.

माझी तक्रार एवढीच आहे, साहेब, की हिशेब प्रक्षेपकाचा झाला, पाहणाऱ्याचा झाला नाही.

दुसऱ्या देशांनी हेच काम कसं केलं ते पाहा. 2006 मध्ये लक्झेंबर्ग आणि नेदरलँड्स मोकळे झाले. ते लहान देश, त्यांचं सोडा. अमेरिकेने तारीख ठरवली 17 फेब्रुवारी 2009. जुना टीव्ही चालत राहावा म्हणून लागणाऱ्या कन्व्हर्टर बॉक्ससाठी सरकारने घरामागे चाळीस-चाळीस डॉलरची दोन कूपनं दिली. कूपनांचे पैसे संपले, लोकांची प्रतीक्षायादी लागली, तेव्हा त्यांच्या संसदेने कायदा करून तारीखच 12 जूनवर नेली. ब्रिटनने सुरुवात 2007 मध्ये व्हाइटहेवन नावाच्या एका छोट्या गावापासून केली आणि एकेक भाग करत ऑक्टोबर 2012 मध्ये उत्तर आयर्लंडला संपवली. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांसाठी आणि अपंगांसाठी वेगळी योजना होती. माणूस घरी येऊन बॉक्स जोडून द्यायचा, रिमोट कसा चालवायचा ते शिकवायचा. हे वाचलं तेव्हा मला आमच्या काकू आठवल्या. जपानने 24 जुलै 2011 ला स्विच बंद केला, पण त्याच वर्षी मार्चमध्ये त्सुनामीने झोडपलेल्या इवाते, मियागी आणि फुकुशिमा या तीन प्रांतांना 31 मार्च 2012 पर्यंत सवलत दिली.

आपल्याकडे पैसा नाही, लोकसंख्या मोठी, हे मला समजतं. पण तारीख सांगायला पैसा लागत नाही. शेवटचे दोन महिने त्याच टीव्हीच्या पडद्यावर रोज मोठ्या अक्षरांत "हे प्रक्षेपण अमुक दिवशी बंद होईल, फ्री डिश लावा" असं दिसत राहिलं असतं, तर काकूंनी चष्मा लावून नक्की वाचलं असतं.

आता दुसरी गोष्ट. ती मला पहिलीपेक्षा जास्त खुपते, कारण ती पुन्हा घडणार असं दिसतं आहे. 2016 मध्ये दूरदर्शनने सोळा शहरांत डिजिटल प्रक्षेपण सुरू केलं, डीव्हीबी-टी2 पद्धतीचं. मुंबई होती, औरंगाबाद होतं, आमच्या शेजारचं रायपूर होतं. नागपूर त्यात नव्हतं, ते जाऊ द्या. प्रश्न असा की हे पाहायचं कशावर? बाजारातल्या बहुतेक टीव्हींत तो ट्यूनरच नव्हता. टॉवरवरून चॅनेलं सुटत होती, अगदी फुकट आणि स्वच्छ, आणि खाली घेणारं कोणी नव्हतं. घराला नळ न जोडता टाकी भरून ठेवली, तर तहानलेला माणूस टाकीखाली ओंजळ धरून उभा राहील का? आता इंटरनेटशिवाय मोबाइलवर थेट टीव्ही देण्याचे प्रयोग चालू आहेत असं वाचतो. चांगलंच आहे. पण त्याची चिप फोनमध्ये कोण बसवणार, ते आधी ठरवा. माझा मुलगा दिवसाला दहा-बारा फोन उघडतो. त्याला विचारलं तर म्हणतो, "बाबा, असली चिप मी तर अजून पाह्यली नाही."

केबलचीही आठवण काढतो, कारण ते डिजिटल आम्ही अंगावर झेललं आहे. 2011 च्या कायदादुरुस्तीने पहिल्या टप्प्यात चार महानगरं घेतली, दुसऱ्या टप्प्यात अडतीस शहरं, त्यात नागपूर. मुदत 31 मार्च 2013. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या भागात केबलवाल्यांकडे अशी झुंबड होती की विचारू नका. एका केबलवाल्याने (नाव कशाला घ्या, त्याचेही दिवस गेले) मला हजाराच्या वर पैसे घेऊन बॉक्स दिला. पावती मागितली तर म्हणाला, "भाऊ, आपल्यात पावती कायची?" तीन वर्षांनी मी दुसऱ्याची केबल घेतली आणि कळलं की पहिल्याचा बॉक्स दुसऱ्याकडे चालत नाही. तो आजही माझ्या टेबलाखाली आहे. त्याच्यावर आता मी पाने-पकडीचा डबा ठेवतो. अशा मेलेल्या बॉक्सांचा ढीग महालात घरोघरी निघेल, आणि त्यातले बहुतेक बिघडलेले नाहीत, नुसते कुलूपबंद आहेत. एप्रिल 2020 मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, शिफारस केली की बॉक्स कोणत्याही कंपनीकडे चालावा आणि टीव्हीलाच त्यासाठी सामाईक जोडणी असावी. मोबाइलचं सिम बदलतो तसं हे व्हावं, एवढाच त्याचा अर्थ. ती शिफारस तुमच्या खात्याकडे आहे. दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकाला मात्र मला आजही तेच सांगावं लागतं: कंपनी बदलली की बॉक्स बदला.

काकूंचं पुढे काय झालं, ते सांगतो. मी त्यांना दूरदर्शनची फ्री डिश सुचवली. 2004 पासूनची ही योजना खरोखर चांगली आहे. दीड-दोन हजारांत छत्री (म्हणजे डिश) आणि बॉक्स, पुढे महिन्याचा एक पैसा नाही, सह्याद्रीही दिसते. बॉक्सच्या लाल-पिवळ्या-पांढऱ्या पिना जुन्या टीव्हीच्या मागे लागल्या, म्हणजे टीव्हीसुद्धा बदलायला नको. पण छत्री लावायला आकाश लागतं. तो उपग्रह 93.5 अंश पूर्वेला आहे. नागपुरातून पाहिलं तर छत्रीचं तोंड आग्नेयेला आणि चांगलंच वर करावं लागतं. वास्तुशास्त्रात आग्नेय स्वयंपाकघराची, आमच्या शास्त्रात छत्रीची. काकूंच्या आग्नेयेला शेजाऱ्याने चार मजले चढवलेत. त्यांच्या स्लॅबवर सगळीकडे फिरलो, सिग्नल मिळाला तो पाण्याच्या टाकीच्या डोक्यावर, एकाच कोपऱ्यात. तिथे छत्री बसवली. भाड्याने तळमजल्यावर राहणाऱ्याला घरमालक स्लॅबवर पायच ठेवू देत नाही, त्याने काय करावं? अँटेना खिडकीतही चालायचा. जोरात पाऊस आला की छत्रीचंही चित्र जातं, हे वेगळंच. जुन्या टीव्हीवर सिग्नल कमी झाला की मुंग्या यायच्या, पण माणूस ओळखू यायचा, आवाज तर कळायचाच. डिजिटलमध्ये आधी चौकोन पडतात आणि मग एकदम काही नाही. काकू म्हणतात, "आधी आजारी पडायचा, आता एकदम मरते."

जानेवारी 2023 मध्ये सरकारने प्रसारणाच्या पायाभूत सुविधांसाठी अडीच हजार कोटींची योजना मंजूर केली. तिच्यात दुर्गम, आदिवासी, नक्षलग्रस्त आणि सीमाभागात आठ लाखांहून जास्त फ्री डिश बॉक्स वाटायचे होते. गडचिरोलीच्या माणसाला ते मिळावेत, आमची ना नाही, आधी त्यालाच मिळावेत. पण शहरातली एकटी म्हातारी माणसं, झोपडपट्टीतली घरं कुठल्याच यादीत बसत नाहीत, आणि अँटेनावर शेवटपर्यंत राहिलेली माणसं मुख्यतः तीच होती.

तेव्हा माझं मागणं आहे ते एवढं. भारतीय मानक ब्युरोने टीव्हीतच उपग्रहाचा ट्यूनर असावा म्हणून 2022 चं मानक काढलंच आहे. ते नवीन टीव्हीला सक्तीचं करा, म्हणजे फ्री डिशसाठी वेगळा बॉक्स, वेगळा रिमोट, वेगळा अडॅप्टर लागणार नाही. ट्यूनरचा खर्च किती येतो ते मला विचारा, मी मेकॅनिक आहे. टीव्हीच्या किमतीत तो कुठे दिसणारही नाही. वस्तीत घरमालकाची मनधरणी करावी लागू नये म्हणून इमारतीला एकच सामाईक छत्री आणि तिथून घरोघर वायर, असं काही करता येतं. तांत्रिकदृष्ट्या ते अवघड नाही, आम्ही लॉजमध्ये कितीतरी वर्षं करत आलो आहोत. आणि पुढे कधी काही बंद करायचं ठरलं, तर बंद करण्याआधी पडद्यावर सांगा. पैशांबद्दल म्हणाल, तर टीव्हीसाठी वापरात असलेल्या लहरी मोकळ्या करून अमेरिकेने 2008 च्या लिलावात 700 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातून एकोणीस अब्ज डॉलर मिळवले. तोच पट्टा आपल्याकडे दोनदा कोणी घेतला नाही आणि 2022 मध्ये एकाच कंपनीने एकोणचाळीस हजार कोटींहून जास्त मोजून घेतला. हवेला भाव आहे. त्यातला चिमूटभर ज्यांच्या घरचा टीव्ही बंद पडला त्यांच्यासाठी वेगळा काढायला हरकत नसावी.

काकूंच्या स्लॅबवरचा जुना अँटेना काढून न्यायला मी दोनदा गेलो. ॲल्युमिनियमचे शंभर-दीडशे रुपये आले असते. त्या काढू देत नाहीत. पाइपाला त्यांनी दोरी बांधली आहे आणि उन्हाळ्यात तिच्यावर वाळवणाचं कापड टाकतात. सेमिनरी हिल्सकडे केलेलं त्याचं तोंड मी होतं तसंच ठेवलं आहे.

आपला,
महालातला एक टीव्ही मेकॅनिक
नागपूर