साउंड खराब नव्हता

महोदय,

रविवारच्या पुरवणीत आमच्या इथल्या कॉलेजच्या गॅदरिंगचा वृत्तान्त वाचला. मुलांच्या बँडबद्दल त्यात एकच ओळ आहे : ‘साउंड खराब असल्याने शब्द कळत नव्हते, नुसता गोंगाट झाला.’ तो साउंड माझा होता.

२८ वर्षं मी स्पीकर भाड्याने देतोय. भजनी मंडळ असो की ऑर्केस्ट्रा, स्टेजवरून दोनच फर्माइशी येतात, ‘एको वाढवा’ आणि ‘आवाज पुढे घ्या’. या पोरांचं उलटंच. गाणारीच्या आवाजाचा फेडर, म्हणजे आवाज कमीजास्त करायची पट्टी, मी सवयीने वर नेला, तर गिटारवाला धावत मिक्सरपाशी आला. ‘काका, तिला मागे घ्या. तिचा आवाज गिटारमध्ये विरघळला पाहिजे.’ त्याच्या पायाशी गिटारचा आवाज बदलणारी सात पेडलं, कार्यक्रमभर नजर त्यांच्यावरच. अशी बुटांकडे बघत वाजवायची तऱ्हा, म्हणून या संगीताला शूगेझ म्हणतात म्हणे. वाजवणाऱ्याने एकदा तरी मान वर करून हसावं असं मला अजून वाटतं, पण ते असो.

आदल्या दिवशी त्याने मला हेडफोन लावून स्लोडाइव्ह ऐकवला होता. १९८९ साली इंग्लंडातल्या रेडिंगमध्ये निघालेला बँड. त्यात गाणारे नील हॉलस्टेड आणि रेचल गॉसवेल तर लहानपणापासूनचे शाळासोबती. १९९३ मध्ये त्यांचा ‘सुवलाकी’ हा अल्बम आला, त्यातल्या दोन गाण्यांना ब्रायन ईनो या नामवंत संगीतकाराचा हात लागलेला. ‘मेलडी मेकर’ साप्ताहिकाच्या समीक्षकाने काय लिहावं? हे पुन्हा ऐकण्यापेक्षा लापशीने भरलेल्या टबात गुदमरून मेलेलं बरं! १९९५ मध्ये ‘पिग्मॅलियन’ हा पुढचा अल्बम बाजारात आला आणि आठवडाभरात क्रिएशन या रेकॉर्ड कंपनीने त्यांना नारळ दिला. त्याच कंपनीचा ओएसिस हा बँड तेव्हा जोरात होता.

मग नील आणि रेचल ‘मोजावे थ्री’ या नावाने साधी, संथ गाणी गाऊ लागले. तीही मी मुद्दाम ऐकली. शब्द लख्ख कळतात. म्हणजे स्लोडाइव्हमध्ये कळत नव्हते ते त्यांना तसंच हवं होतं म्हणून. २०१४ मध्ये बार्सिलोनाच्या प्रिमाव्हेरा महोत्सवात स्लोडाइव्ह पुन्हा उभा राहिला. २०१७ मध्ये, २२ वर्षांनी, नवा अल्बम आला. २०२३ चा तर ब्रिटनमध्ये पहिल्या दहात गेला.

आमची पोरं तिथवर जातील असं मी म्हणत नाही. ड्रमवाला जूनमध्ये नोकरीला पुण्याला चाललाय. त्यांचं तिसरं गाणं मलाही कंटाळवाणं वाटलं. तसं छापलं असतं तर माझं काही म्हणणं नव्हतं. पण ‘साउंड खराब’ वाचून सोमवारी एका गणेश मंडळाचा फोन आला, ‘यंदा आम्ही दुसरा माणूस बघतो.’ तेवढी ओळ दुरुस्त करून छापावी, ही विनंती.

— एक साउंडवाला, सांगली