शंख आणत नाहीये

ती. आई-बाबांना सा. नमस्कार,

आई, आधी तू मागितलेल्या शंखाचं सांगते. आणत नाहीये. रागावण्याआधी कारण ऐक.

काल अंदमानातल्या शहीद द्वीपावर, म्हणजे पूर्वीच्या नील बेटावर, सीतापूरच्या किनाऱ्यावर अगदी तुझ्या मनासारखा एक सापडला होता. बाहेरून करडा, तोंडाशी गुलाबी. उचलला तर आतून दोन पाय बाहेर आले. खेकडा! या खेकड्यांचं पोट मऊ असतं, म्हणून मेलेल्या गोगलगायीचा शंख पाठीवर घेऊन हिंडतात. अंग वाढलं की घर बदलायचं. मोठा रिकामा शंख दिसला तर कधीकधी लहानमोठे खेकडे मापाने रांग लावतात. पहिला नव्या घरात शिरला की दुसरा त्याच्या जुन्या घरात, असं शेपटापर्यंत. मी अर्धा तास पालथी पडून वाट पाहिली, पण माझ्यासाठी काही रांग लागली नाही. एक खेकडा मात्र बाटलीचं निळं झाकण पाठीवर घेऊन चालला होता. त्यानंतर रिकामा शंखसुद्धा पिशवीत टाकवेना.

पोवळ्याचा तुकडाही नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्यात दगडी प्रवाळ वाघाच्याच अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत आहे. किनाऱ्यावर मरून पडलेलंही उचलायचं नाही.

बाबा, इथली वाळू पिठासारखी पांढरी का, तर पोपटमासा चोचीसारख्या दातांनी प्रवाळ कुरतडतो आणि न पचलेलं मागून सोडतो. मोठा मासा वर्षाला शेकडो किलो वाळू करतो म्हणे. तेव्हा तुमची लेक चार दिवस कशात लोळतेय ते शेजारी सांगू नका.

अस्पर्श, निर्मळ वगैरे जे वाचून आले होते, ते किनाऱ्यावर बरंचसं खरं आहे, पाण्याखाली तेवढं नाही. 2010 मध्ये समुद्र तापला आणि अंदमानातलं बरंच प्रवाळ पांढरं पडलं. उष्णतेने प्रवाळातलं शेवाळ निघून जातं. तेच त्याला अन्न पुरवतं आणि रंगही देतं. इथल्या भरतपूरच्या किनाऱ्याला काचेच्या तळाच्या होडीतून करड्या ढिगाऱ्यावरून जाताना सगळेच गप्प झालो. मग एकाएकी निळ्या माशांचा थवा आला आणि होडीत पुन्हा आरडाओरडा.

लक्ष्मणपूरची दगडी कमान ओहोटीलाच गाठता येते. परवा अमावास्या होती, त्यामुळे उधाणाची ओहोटी मिळाली आणि समुद्र कितीतरी आत गेला. खडकांतल्या डबक्यांत समुद्रकाकड्या (काकडीसारखे दिसणारे मऊ समुद्री जीव) होत्या, अडकून राहिलेले इवलेसे मासे होते. पण बाबा, ही वाट तुमच्या गुडघ्यांची नाही. धारदार खडक आणि वर शेवाळ. मी दोनदा घसरले. (आई, नुसतं खरचटलंय.) तुमच्यासाठी भरतपूर. धक्क्याला लागूनच आहे, पाणी उथळ. अवघड काय ते बोटीत पाऊल टाकणं, तेवढ्यापुरता माझा हात धरा.

एक सवय मात्र करावी लागेल. घड्याळ आपलंच, पण बेटं इतकी पूर्वेला की साडेपाचला सूर्य बुडतो. पहिल्या दिवशी दुपारी झोपले आणि उठले तर काळोख. तुम्ही तसेही चारला उठता, तुम्हाला हे गाव आवडेल.

आणि आई, मगरीचा फलक असतो तिथे मी पाण्यात उतरत नाही. खाडी आणि खारफुटीच्या बाजूला तर जातच नाही.

पुढच्या हिवाळ्यात तिघं येऊ. तोवर डिसेंबर ते फेब्रुवारीतल्या अमावास्या-पौर्णिमा बघून ठेव, तारखा त्याच्या आसपासच्या धरू. बाबांच्या बुटांचा नंबर कळव. पाण्यात चालायचे रबरी तळाचे बूट घेते. मागच्या वेळी त्यांनी स्वतःच सांगितलेला नंबर चुकीचा निघाला होता, तेव्हा तू बघून सांग.

तुमची,
धाकटी