उपदेश नको, हद्द दाखवा

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

‘आजची तरुण पिढी मोठ्यांचे ऐकत नाही’ अशी तक्रार करणारी पत्रे या सदरात अधूनमधून येतात. मग ‘मोठ्यांनीच काळाप्रमाणे बदलावे’ असे सुनावणारी उत्तरे येतात. मी पस्तिशीतली, म्हणजे दोन्हीकडचे बोल खाणारी. मला वाटते, या वादात मुद्दाच निसटतो. लवकर उठा, काटकसर करा, मोबाइल बाजूला ठेवा, हे सांगायला आता मोबाइलच पुरेसा आहे. मोठ्यांकडून घ्यायचे ते त्यांना ठाऊक असलेले आणि कुठेच लिहून न ठेवलेले. गोव्यात तर त्याची किंमत सरळ रुपयांत मोजता येते.

जमिनीचेच घ्या. बनावट कागदांवर जमिनी हडपल्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या की 2022 मध्ये सरकारला विशेष तपास पथक नेमावे लागले, आणि निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा एकसदस्यीय आयोगही बसला. डोळा कुठल्या जमिनींवर होता? मालक वारलेले, वारस मुंबईत नाहीतर परदेशात, वर्षानुवर्षे कुणी फिरकलेले नाही, अशांवर. हे वाचून आम्ही हळहळतो खरे, पण आमच्या वयाच्या कितीजणांना स्वतःच्या घराचा सर्व्हे क्रमांक सांगता येईल? एक-चौदाचा, म्हणजे जमिनीच्या हक्कनोंदीचा, उतारा काढला तर त्यावर अजून पणजोबांचेच नाव आहे की काय, ‘इतर हक्क’च्या रकान्यात कोण बसले आहे, हे पाहिलेले तरी असते का?

आमच्या घरी माझ्या चुलत सासऱ्यांनी मे महिन्यात एका सकाळी आम्हा सगळ्यांना पायांत जुन्या चपला घालायला लावून भाटात, म्हणजे आमच्या बागायतीत, नेले. गडगा, म्हणजे दगडी कुंपण, कुठवर आपला, व्हाळाने (ओढ्याने) पात्र बदलले तेव्हा हद्द कुठे राहिली, कोणत्या आंब्याची फळे दोन घरांत वाटली जातात, मुंडकाराच्या (आमच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याच्या) घरामागची वाट कुणाच्या वहिवाटीची, सगळे त्यांनी दाखवले. पोफळींना पाणी वरच्या कुळागरातून, म्हणजे पोफळीच्या बागेतून, पाटाने येते आणि आठवड्यातले ठरावीक दिवसच ते आपले असते, हे मला लग्नानंतर इतक्या वर्षांनी तिथे कळले. उताऱ्यावर पाट दिसतच नाही. एका कोपऱ्यात मेर विनाकारण वाकडी जाते. ती का, तर दोन भावांनी कधीकाळी एका माडाच्या बदल्यात तेवढा तुकडा तोंडी देऊन टाकला होता. असली गोष्ट कोणत्या कार्यालयात मिळणार? माझा नवरा मागून चालत फोनवर एकेक जागा नोंदवत होता, पुतणी फोटो काढत होती. चुलत सासरे म्हणाले, “बरें करतात, हांव तोंडान सांगतां तें चार दिसांचें.”

पण याच फेरीतली एक गोष्ट मला खटकली आणि ती लिहिल्याशिवाय हे पत्र प्रामाणिक होणार नाही. नणंदांना कुणी बोलावलेच नव्हते. गोव्यात 1870 पासून पोर्तुगीज नागरी संहिता लागू झाली. तिच्या वारसा हक्कात मुलगा-मुलगी भेद नाही, 2012 च्या वारसाहक्क कायद्यातही नाही. मालमत्ता विकायची तर नवरा-बायको दोघांची सही लागते. देशात जिथे तिथे या संहितेचे गोडवे गायले जातात. आणि घरोघरी काय चालते? “तू दिलेल्या घरी सुखी आहेस, इथे सही करून टाक.” आमच्या मोठ्यांकडून हे शिकायचे नाही, असे मी तिथल्या तिथे म्हटले. थोडा वेळ वातावरण तापले. पुढच्या खेपेला नणंदा येणार आहेत.

तेव्हा शिकायचे म्हणजे निवडून शिकायचे. मागच्या पिढीचे सगळेच सोने मानायची गरज नाही, आणि त्यांनाही ती अपेक्षा नसावी.

आता स्वयंपाकघर. सध्या पुरुमेंताचे, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीचे, दिवस आहेत. मडगावच्या होली स्पिरिट चर्चच्या फेस्ताची फेरी, म्हणजे सणाचा बाजार, ही सासष्टी तालुक्याची पावसाळ्याची खरेदी, आणि आमच्या हिंदू घरांतही शब्द तोच, पुरुमेंत. सुकी सुंगटे, खारे बांगडे, सोलां, चिंच, कुळीथ, कांद्याच्या माळा, वर्षाच्या मिरच्या, पेडण्यातल्या आगरवाड्याचे मीठ. पाऊस पडला की मीठ पाणी धरणार, मिरच्या वाळणार नाहीत, आणि 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद. पणजीतल्या फ्लॅटच्या बाल्कनीत बांगडे वाळत घातले तर सोसायटीची नोटीस येईल, हे मला मान्य आहे. दहा मिनिटांत घरी मीठ आणून देणारे ॲपही आहे. पुरुमेंत जसाच्या तसा करा असे मी कुणालाच सांगणार नाही.

मला त्यात रस आहे तो हिशेबासाठी. सासूबाईंचे वर्ष मे महिन्यात सुरू होते. जून-जुलैत हात आखडणार हे त्यांना जानेवारीतच ठाऊक असते, म्हणून काजूच्या बियांचे पैसे आले की त्यातला भाग बाजूला काढतात आणि त्याला हात लावू देत नाहीत. आमचा पगार महिन्याचा आणि विचारही महिन्याचाच. जूनमध्ये शाळेची फी, वह्या, रेनकोट, गाडीचा विमा, छपराची गळती हे सगळे एकदम दारात उभे राहते, आणि दरवर्षी आम्हाला आश्चर्य वाटते! मग क्रेडिट कार्डाचे हप्ते पाडायचे. कौलारू घरात पावसाआधी नळे परतून घेतात, गळायची वाट पाहत नाहीत. गेल्या वर्षी मी सासूबाईंच्या वहीची पद्धत उचलली. वर्षातून एकदाच येणारे खर्च एका पानावर, कोणत्या महिन्यात येतात त्यासह, आणि त्यासाठी वेगळे खाते. बँकेतल्या कुठल्याही सल्लागाराने हे मला इतके सोपे करून सांगितले नव्हते, कारण त्याला मला काहीतरी विकायचे होते.

देवळातल्या सप्ताहाबद्दल थोडक्यात लिहिते. अखंड भजन चालू ठेवायचे तर वाड्यावाड्यांना वेळ वाटून दिलेली असते. पहाटे तीनची वेळ आली तर तीनला टाळ घेऊन हजर राहायचे, पाऊस असो की दुसऱ्या दिवशी ड्युटी असो. आमचे सासरे गाण्यात बेताचे, पण पाळी कधी चुकवली नाही. आम्ही मात्र शेजाऱ्याच्या साखरपुड्याला निघायच्या वेळी ‘सॉरी, जमत नाही’ असा मेसेज टाकतो, वर हात जोडल्याचे चित्र. भक्तीचा प्रश्न वेगळा, मी त्यात पडत नाही. ज्याची पाळी त्याने यायचे, एवढेच मी घेते.

आता आपल्याकडे एक विनंती. चवथ (गणेश चतुर्थी) जवळ आली की माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर बांधायच्या रानफळा-फुलांच्या छताच्या, बाजारात आम्ही तयार जुड्या उचलतो. कांगलां कोणती, घागऱ्यो कुठल्या झुडपाच्या, कवंडळाची वेल कशी ओळखायची, हे सांगणारे प्रत्येक गावात अजून दोन-चारजण तरी आहेत, आणि ते बहुतेक सत्तरीपुढचे आहेत. श्रावणात आपल्या दैनिकाने आठवड्यातून अर्धे पान अशा माणसांना द्यावे. नातवंडांनी फोटो काढावे, आजी-आजोबांनी नाव, ओळख आणि माटोळीत बांधायची रीत सांगावी. पाटाच्या पाण्याच्या पाळ्या, मानशीची (बांधातल्या पाणदाराची) दारे भरती-ओहोटीला कशी लागतात नि उघडतात, खाजनाच्या (खाडीकाठच्या शेतीच्या) बांधाला कधी हात लावावा, हेही त्याच पानावर यावे. अट एकच असावी, ‘आमच्या वेळी असे नव्हते’ हे वाक्य छापू नये. आणि फळे कोणत्या रानात मिळतात तो पत्ताही छापू नये. छापलात तर पुढच्या चवथीला तिथे वेलही शिल्लक राहणार नाही.

आपली,
एक वाचक, फोंडा