जंजिऱ्याचा सिद्दी आणि आपली लेखणी

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गाजलेल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांतील पात्रे घेऊन त्यांच्या चाहत्यांनी नव्या कथा लिहिण्याची हौस आमच्या मुरूडच्या तरुणांतही रुजली आहे, याचा आनंदच आहे. मात्र जंजिरा या समुद्रातल्या किल्ल्याचा सिद्दी, म्हणजे तिथला आफ्रिकी वंशाचा सत्ताधीश, कथेत आला की त्याच्या काळ्या रंगाचे आणि जाड ओठांचे किळसवाणे वर्णन हटकून येते, आणि हटकले तर ‘त्या काळी असेच बोलत’ हे उत्तर तयार असते.

ते खरेच तसे होते का? सिद्द्यांसाठी वापरला जाणारा ‘हबशी’ हा शब्द मुळात हबश, म्हणजे ॲबिसिनिया (आजचा इथिओपिया), या देशावरून आला. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर पुढे निजामशाहीचा वजीर झाला आणि १६२६ मध्ये मरेपर्यंत मोगलांशी झुंजला. शिवाजी महाराजांच्या सैन्यात सिद्दी हिलाल होता. जंजिऱ्याशी वैर होते ते किनाऱ्याच्या सत्तेसाठी. महाराजांचा पद्मदुर्ग हा सागरी किल्ला त्याच वैरातून उभा राहिला.

त्या काळी माणसांची खरेदी-विक्री होत होती, तुच्छताही असेल; ती झाकून सर्वांना आजच्या विचारांचे दाखवावे, असे मी म्हणत नाही (तोही खोटेपणाच). पण हिणवणारा शब्द पात्राच्या तोंडी शोभतो, निवेदकाच्या नव्हे, आणि ज्याला तो ऐकावा लागतो त्या सिद्द्यालाही कथेत नाव, मन आणि दोन वाक्ये मिळायला हवीत. त्यांचे वंशज आजही भारतात राहतात, मराठी वाचणारेही त्यांत असतील.

आपला,
एक वाचक, मुरूड (जि. रायगड)