मिडफिल्डरचं माप गोलांनी काढू नका

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

जर्मनीच्या मोठ्या फुटबॉलपटूंची यादी आपल्या क्रीडा पानावर वाचली. मधल्या फळीत खेळणाऱ्या (म्हणजेच मिडफिल्डर) बास्टियान श्वाइनस्टायगरच्या वाट्याला तीत दीड ओळ आली आहे : १२१ आंतरराष्ट्रीय सामने, २४ गोल आणि २०१२ च्या चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात हुकलेली पेनल्टी. तिन्ही गोष्टी खऱ्या. पण एवढ्यावरून त्याचा खेळ कसा होता, हे कुणालाच कळणार नाही.

मी तुर्भ्याच्या भाजीपाला घाऊक बाजारात एका गाळ्यावर मेहताजी आहे. आमच्याकडे गाड्या लागतात त्या अपरात्री, आणि युरोपातले सामनेही आपल्याकडे तेव्हाच चालू असतात. पोटमाळ्यावर छोटा टीव्ही आहे. पावत्या फाडता फाडता या माणसाची जवळजवळ सगळी कारकीर्द मी तिथे बसून पाहिली. शेठ वैतागतात, पण हिशेबात कधी रुपयाचा फरक पडलेला नाही.

आधी त्या पेनल्टीचं बघू. १९ मे २०१२, म्युनिक. त्याच्या बायर्न म्युनिक क्लबचं घरचं मैदान, समोर लंडनचा चेल्सी. बायर्नला वीस कॉर्नर मिळाले, चेल्सीला एक. तरी सामना १-१ असा पेनल्टी शूटआऊटला गेला. बायर्नची तिसरी पेनल्टी चक्क गोलरक्षक नॉयरने मारली, यावरूनच मैदानावरची हवा काय असेल ते समजून घ्या. श्वाइनस्टायगर पाचवा आला. चेल्सीचा गोलरक्षक पेत्र चेक याची बोटं लागून चेंडू खांबावर आदळला, मग चेल्सीच्या द्रोग्बाने आपली मारली आणि खेळ संपला. श्वाइनस्टायगरने जर्सी तोंडावर ओढून घेतली. तोच फोटो जगभर छापला गेला.

पण महिनाही झाला नव्हता, २५ एप्रिलला माद्रिदमध्ये काय घडलं होतं? उपांत्य फेरी, रेआलचं मैदान, तिथेही शूटआऊट. बायर्नचा क्रोस चुकला. कर्णधार लाम चुकला. शेवटची निर्णायक पेनल्टी श्वाइनस्टायगरने आत घातली आणि बायर्न अंतिम फेरीत पोहोचलं. ही पेनल्टी कुणाच्या यादीत येत नाही. पुढच्या वर्षी त्याच बायर्नने लीग, जर्मन कप आणि चॅम्पियन्स लीग तिन्ही जिंकलं आणि जर्मनीचा वर्षाचा सर्वोत्तम फुटबॉलपटू म्हणून त्याची निवड झाली. तेही यादीत नाही. मी काही त्याचा आंधळा भक्त नाही. २०१६ च्या युरोत फ्रान्सविरुद्ध उपांत्य सामन्यात त्याच्या हाताला चेंडू लागला आणि फ्रान्सला पेनल्टी मिळाली, तेव्हा मीही चडफडलोच होतो.

त्याच्याकडून शिकण्यासारखी मोठी गोष्ट वेगळीच आहे, आणि ती नवी मुंबईतल्या पालकांनी जरूर वाचावी. तो सुरुवातीला विंगवर, म्हणजे मैदानाच्या कडेने, खेळायचा. २००६ च्या विश्वचषकात तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात पोर्तुगालविरुद्ध लांबून दोन गोल ठोकणारा तो पोरगा विंगरच होता. २००९ मध्ये लुई व्हान हाल बायर्नला प्रशिक्षक म्हणून आले. रॉबेन आणि रिबेरी हे दोन विंगर आल्यावर विंगवर जागा कुठे? व्हान हालनी याला मधोमध आणला. तेव्हा तो पंचविशीत होता आणि विंगर म्हणून नाव कमावून बसला होता. पुढच्याच उन्हाळ्यात जर्मनीचा कर्णधार बालाक जखमी झाला आणि २०१० च्या विश्वचषकात जर्मनीचा मधला पट्टा याच्या पायावर उभा राहिला. अर्जेंटिनाला ४-० ने धुतलं त्या सामन्यातला तिसरा गोल मिळाला तर जरूर पाहा. डावीकडून तिघांना चकवत तो गोलरेषेजवळ घुसला आणि चेंडू फ्रीडरिशला आयता दिला. धावफलकावर नाव फ्रीडरिशचं.

आमच्या बाजारात मुकादम असतो. तो स्वतः गोणी उचलत नाही, पण कुठली गाडी कुठल्या गाळ्याला लावायची, कुणाला थांबवायचं, हे त्याच्या मानेच्या इशाऱ्यावर चालतं. तो एक दिवस आला नाही की किती खोळंबा होतो, ते आम्हालाच ठाऊक.

मिडफिल्डरचं कामही मुकादमासारखंच. २०१४ च्या विश्वचषकाचा अर्जेंटिनाविरुद्धचा अंतिम सामना हे त्याचं उत्तम उदाहरण. सामन्याआधीच्या सरावातच मधल्या फळीतला खेदिरा जखमी झाला. त्याच्या जागी आलेल्या क्रामरच्या डोक्याला मार बसला आणि तोही अर्ध्या तासाच्या सुमारास बाहेर गेला. मग उरलेला वेळ मधला भार वाहिला तो श्वाइनस्टायगरनेच. जादा वेळेत अर्जेंटिनाच्या अग्वेरोचा हात लागून डोळ्याखाली फाटलं, रक्त आलं. बाजूला जाऊन इलाज करून घेतला आणि पुन्हा आत. पूर्ण १२० मिनिटं तो खेळला. जिंकून देणारा गोल ग्योट्झेचा, तोही सुंदरच. खाली कोथिंबिरीच्या गाड्या लागल्या होत्या आणि मी काही जिना उतरलो नाही.

नंतर मँचेस्टर युनायटेडला त्याचे हाल झाले, ते जाऊ दे. अमेरिकेत शिकागोला शेवटी शेवटी तो बचावफळीतही खेळला आणि २०१९ मध्ये थांबला.

हे सगळं आज लिहायचं कारण माझी पुतणी. ती तेरा वर्षांची आहे, नेरूळला खेळते. पास पायात येण्याआधी ती मान वळवून मागे कोण आहे ते बघते. हे तिला कुणी शिकवलेलं नाही. पण कडेला उभे असलेले पालक ओरडतात, “अगं, पुढे जा, गोल मार!” मध्यंतरी एका स्पर्धेत तिच्या दोन पासांवर दोन गोल झाले. बक्षिसं मात्र दोनच होती : सर्वाधिक गोल आणि उत्कृष्ट गोलरक्षक. घरी येताना ती म्हणाली, “काका, मी आता स्ट्रायकरच होते.” तिला काय सांगायचं? ज्या नेरूळच्या स्टेडियममध्ये २०२२ साली सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला, तिथून हाकेच्या अंतरावर ही अवस्था.

आयोजकांनी मधल्या फळीसाठी एक बक्षीस ठेवावं, हे झालंच. आपल्याकडेही एक मागणं आहे. शालेय आणि स्थानिक सामन्यांच्या बातम्या आपण आवर्जून छापता, त्यात गोल करणाऱ्यांची नावं असतात. आपल्या वार्ताहराने गोल कुणी केला हे विचारताना चेंडू कुणी काढून दिला तेही विचारावं आणि तेवढं एक नाव कंसात का होईना, छापावं.

आपला नियमित वाचक,
एक मेहताजी, नेरूळ, नवी मुंबई