बाबा, तो घोडमुळा तिकडेच राहू द्या

आई, बाबा,

फोनवर तुम्ही दोघं एकदमच बोलता आणि मध्येच दादाचा छोटू फोन हिसकावतो, काहीच धड सांगून होत नाही, म्हणून लिहितेय. दादा मोठ्या अक्षरात प्रिंट काढून देईल, चष्मा लावून निवांत वाचा. आणि बाबा, आधी सगळं वाचा, मग काय चिडायचं ते चिडा.

पहिलं त्या घोडमुळ्याचं, म्हणजे हॉर्सरॅडिशच्या झणझणीत मुळीचं. परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही हातात धरून दाखवलीत ती, मातीने माखलेली, पेन्सिलीएवढी, आणि म्हणालात ओल्या फडक्यात गुंडाळून बॅगेत टाकतो, घरी आलो की शेवग्याशेजारी लावू. नका आणू ओ. बाहेरच्या देशातून लावायचं मूळ, कांडी, बी काहीही आणायचं तर आधी परवाना काढावा लागतो आणि वर तिकडच्या सरकारचं रोग-कीड नसल्याचं सर्टिफिकेट लागतं, २००३ पासूनचा नियम आहे. चुकून कुणी बॅग उघडली नाही तरी नकोच. तेल्या रोगाने मामाची डाळिंबं कशी गेली ते आपण डोळ्यांनी बघितलंय, तसलं काही आपल्या बॅगेतून इकडे यायला नको.

बाकी तिकडचं तुम्ही इतकं रंगवून सांगता की मला दादाची ती बाग आता पाठ झालीय. जर्मनीत एर्लांगेनच्या कडेला भाड्याने घेतलेला पट्टा, आधीच्या भाडेकरूने लावून ठेवलेला हॉर्सरॅडिश, तिकडचे लोक त्याला क्रेन म्हणतात आणि आई घोडमुळा. दादा दोन वर्षं खणून खणून दमला तरी जात नाही, बोटभर तुकडा मातीत राहिला तरी फुटतो म्हणजे आपल्या हरळी-कुंद्याचाच भाऊ तो. दादा त्याला शिव्या घालत होता आणि तुम्ही जाऊन त्याचं पीक केलंत! शेजारच्या पट्ट्यावरच्या त्या आजोबांचा आणि तुमचा फोटो मी फ्रेम करणार आहे, ना तुम्हाला जर्मन ना त्यांना मराठी, तरी दोघं गुडघ्यावर बसून माती बाजूला सारताय, मुळाचं डोकं अलगद वर उचलताय, बाजूच्या बारीक मुळ्या खरखरीत फडक्याने घासून काढताय, तळाच्या तेवढ्या ठेवून परत माती ओढताय. असं केलं की मूळ फाटे न फुटता सरळ आणि जाड होतं हे तुम्ही मला तीनदा सांगितलंय. लागवडीची मुळी वरून सरळ कापायची आणि खालून तिरकी, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये लावताना उलटी होत नाही, ते मात्र मला लई आवडलं. उसाचं बेणं लावताना डोळा वर ठेवा म्हणून आबा ओरडायचे त्याची आठवण आली.

पण आपल्याकडे नाही यायचा तो, बाबा. मी बरंच वाचलं. त्याला खरी थंडी लागते, पानं मरून मूळ झोपी जायला पाहिजे. आपण डिसेंबरात पहाटे १५ डिग्रीला स्वेटर घालतो आणि दुपारी ३० ला पंखा लावतो, यात ते झोपणार कधी? मे मध्ये तर ४२-४३. पसरू नये म्हणून तळ काढलेल्या ड्रममध्ये लावायची तुमची आयडिया बरोबर आहे, तिकडे लोक तसंच करतात, पण आपल्या अंगणात तो ड्रम मे मध्ये नुसता पातेलं होईल, मूळ आत उकडून निघेल. नळाला पाणी अजून चार-पाच दिवसांनीच येतंय, आणि आपली काळी माती एकतर भेगाळलेली नाहीतर चिखलाचा गोळा, त्याला खोल भुसभुशीत लागते.

आई, तू दह्यात किसून कोशिंबीर केलीस ते वाचून हसले. आणि डोळ्यातून पाणी आलं म्हणून खिडकी उघडलीस ते तर दादाने व्हिडिओच पाठवला. मूळ नुसतं हुंगलं तर वास नाही, किसलं की आतल्या पेशी फुटतात, त्यातली दोन वेगवेगळी द्रव्यं एकमेकांत मिसळतात आणि तेव्हा कुठे तो झणका तयार होतो, मोहरीत असतो तोच. म्हणून मिरचीसारखी जीभ भाजत नाही, सरळ नाकातून डोक्यात जातो. किसून व्हिनेगर घातलं की तिखटपणा तिथेच थांबतो, पुढच्या वेळी पाहिजे तेवढा चढला की घाल. आणि गंमत म्हणजे मी हे आधीच खाल्लंय, पुण्यात ऑफिसच्या पार्टीत सुशीसोबत तो हिरवा गोळा असतो ना, वसाबी म्हणून देतात, पण खरा वसाबी लई महाग म्हणून बहुतेक ठिकाणी हिरवा रंग घातलेला हॉर्सरॅडिशच असतो. आपल्या शेंगा चटणीपुढे मला तो काही ग्रेट वाटला नाही.

आता माझा शहाणपणा ऐका. हे सगळं वाचायच्या आधीची गोष्ट आहे, तुम्ही परत यायच्या आत कुंडीत लावून सरप्राइज द्यावं म्हणून मी ऑनलाइन हॉर्सरॅडिशचं बी मागवलं. १० नग, १४९ रुपये. तुम्ही घसा फोडून सांगत होतात की ते मुळ्यांपासून लावतात, बियांपासून नाही, पण माझं लक्ष कुठं होतं. पाकीट उघडलं तर गोल तपकिरी बिया, प्रत्येकीला कागदासारखे तीन पंख. शेजारच्या काकू कट्ट्यावर गवार मोडत बसल्या होत्या, त्यांनी एक उचलून बघितली आणि म्हणाल्या, अगं हा शेवगा की! मी दुकानदाराला मेसेज केला तर तो म्हणे मॅडम फोटोत शेंगच आहे, पैसे परत नाही. त्याचंही अगदीच चूक नाही म्हणा. इंग्रजीत शेवग्याला हॉर्सरॅडिश ट्रीच म्हणतात. इथे आलेल्या साहेब लोकांना मटणासोबत हॉर्सरॅडिश मिळेना, म्हणून ते शेवग्याचं मूळ किसून खायचे, चव तशीच लागते. दोघं लांबचे चुलतभाऊच आहेत, मोहरी-मुळ्याच्या गणातले. (बाबा, लगेच कुदळ घेऊ नका, शेवग्याच्या मुळाच्या सालीत विषारी द्रव्य असतं.)

तर शेवगा.

१८ मेच्या वळवात आपला शेवगा पडला, बाबा. संध्याकाळी साडेपाचला वारा सुटला, मी गच्चीवरचे कपडे काढत होते आणि कडाड करून मधूनच मोडला, काकूंच्या बाथरूमच्या पत्र्यावर. कुणाला लागलं नाही. पत्रा मी बदलून दिला, काकू नको नको म्हणत होत्या. शेंगा आणि पाला सगळ्या गल्लीत वाटला, दोन दिवस प्रत्येकाकडे शेवग्याची आमटी होती. लाकूड इतकं ठिसूळ की करवतीला दहा मिनिटं लागली नाहीत, आणि मला उगाच वाटत होतं की दादाच्या बारावीच्या वर्षी तुम्ही गावाहून सायकलला बांधून आणलेली फांदी ती, तिला तोडायला निदान एक दिवस तरी लागेल.

दीड महिना सांगितलं नाही. तुम्ही रोज विचारायचात शेवग्याला पाणी घातलंस का, आणि मी घातलं म्हणून फोन जास्वंदीकडे फिरवायचे. आईला दोन आठवड्यांपूर्वी कळलंय, तिला वाटलं होतं मागे आकाश जास्तच दिसतंय. तिला काही बोलू नका, मीच सांगू नको म्हणलं होतं.

आता ऐका. गुडघ्याएवढं खोड राहिलंय, त्याला पाऊस लागल्यावर सात फुटवे आलेत, दोन चांगले अंगठ्याएवढे जाड. आणि त्या १४९ रुपयांतल्या आठ बिया दह्याच्या डब्यांत उगवून वीतभर झाल्यात. फुटवे किती ठेवू, सगळे की दोनच? आणि रोपं जमिनीत आत्ता टाकू का तुम्ही आल्यावर? लिहूनच पाठवा, दादा फोटो काढून टाकेल. काकूंनी एक रोप मागितलंय, ते मी देऊन टाकलं.

तुमची
ताई