धडधड चालू असतानाचा ईसीजी हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पळताना किंवा जिममध्ये कोणी तरुण कोसळल्याची क्लिप व्हॉट्सॲपवर फिरली की साताऱ्यातल्या दवाखान्यांत ‘छातीत धडधडतंय’ म्हणत येणारी विशी-पंचविशीतली मुलंमुली वाढतात. ईसीजी निघतो, ‘नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका’ असे सांगून बोळवण होते आणि चार दिवसांनी पुन्हा तेच. यात पेशंट सोंग करत नसतो. ईसीजीच्या कागदावर जेमतेम दहा सेकंदांचे ठोके उमटतात; धडधड थांबल्यावर काढलेला कागद त्या दहा सेकंदांपुरताच खरा. हृदयातली जन्मजात जादा विद्युतवाट एरवीच्या ईसीजीतही अनेकदा दिसते, म्हणून तो काढायचाच. पण खरा उलगडा होतो तो धडधड चालू असतानाच्या ईसीजीतून.

धडधड सुरू झाली की आधी खाली बसावे आणि नाडी मोजावी. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला तर्जनी आणि मधले बोट ठेवायचे. अंगठ्याने मोजू नये, त्याची स्वतःचीच नाडी लागते. ३० सेकंदांचे ठोके दुप्पट करायचे, ताल वेडावाकडा असेल तर पूर्ण मिनिट मोजायचे. बटण दाबल्यासारखी एकदम सुरू होणारी, १५० च्या वरची, एकसारख्या तालाची आणि तशीच एकदम बंद होणारी धडधड बहुधा ‘एसव्हीटी’ची, म्हणजे हृदयाच्या वरच्या भागातल्या विद्युतवाटेच्या बिघाडाने ठोके एकाएकी वेगात पडण्याची. हळूहळू चढणारी आणि हळूहळू उतरणारी असेल तर काळजी, ताप, रक्त कमी असणे किंवा थायरॉईड यांचा विचार आधी. ठोका चुकला आणि मग छातीत दणका बसला, तर तो जादाचा ठोका. तो वेळेआधी पडतो, नंतर क्षणभर खंड पडतो, तेवढ्यात हृदय जास्त भरते आणि पुढचा ठोका जोरात लागतो. डाव्या कुशीवर झोपल्यावर तो अधिक जाणवतो. हृदय एरवी निरोगी असेल तर असे सुटे ठोके बहुतेक वेळा निरुपद्रवी असतात. डॉक्टरांना ‘कसंतरी होतं’ सांगण्यापेक्षा टेबलावर बोटाने तो ताल वाजवून दाखवावा.

धडधड अर्धा तास टिकत असेल तर मोठ्या हॉस्पिटलचा हट्ट नको, जवळचे ईसीजी मशीन गाठावे. मेढ्याहून किंवा पाटणहून साताऱ्यात पोचेपर्यंत ती थांबलेली असते. आपल्या भागात मशीन कुठे आहे आणि रात्री ते चालवणारा माणूस असतो का, हे आधीच विचारून ठेवावे. कागद हातात आला की त्यावर तारीख, वेळ आणि ‘धडधड चालू होती’ किंवा ‘थांबली होती’ हे लिहून मोबाइलवर फोटो काढावा. हा बहुधा थर्मल कागद असतो, उन्हात आणि गाडीच्या डिकीत रेषा पुसट होतात. जपून ठेवायचा म्हणून लॅमिनेशन तर चुकूनही करू नये, उष्णतेने अख्खा कागद काळा पडतो. झेरॉक्स काढून फाइलला लावावी.

होल्टर (अंगावर बांधून ठोक्यांची सतत नोंद करणारे छोटे यंत्र) सहसा २४ किंवा ४८ तासांचा. महिन्यातून एकदा धडधडणाऱ्याने तो लावणे म्हणजे पैसे पाण्यात; त्याने आठ-पंधरा दिवस छातीला चिकटवून ठेवायच्या पट्टीची चौकशी करावी. रक्तात हिमोग्लोबिन, थायरॉईडसाठी टीएसएच, गरजेप्रमाणे पोटॅशियम आणि डॉक्टरांनी सांगितल्यास इको (हृदयाची सोनोग्राफी), एवढे पुरे. ‘फुल बॉडी चेकअप’च्या पॅकेजमधल्या बाकीच्या आकड्यांचा धडधडीशी फारसा संबंध नसतो.

एसव्हीटीचे निदान झालेल्यांना डॉक्टरांकडून एक युक्ती शिकून घेता येते. अर्धवट बसून १० मिलीच्या रिकाम्या सिरिंजमध्ये दट्ट्या जेमतेम हलेल इतक्या जोराने १५ सेकंद फुंकायचे, लगेच सपाट झोपायचे आणि दुसऱ्याने दोन्ही पाय ४५ अंशांत १५ सेकंद वर धरायचे. २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या चाचणीत या पद्धतीने ४३ टक्के रुग्णांचा ताल जागेवर आला; नुसत्या फुंकण्याने १७ टक्क्यांचा. पाय उचलण्यातच खरी मेख आहे आणि नेमके तेच सांगायचे राहून जाते. डोळे दाबणे, मान चोळणे असले प्रकार घरी करू नयेत.

अभ्यासिकांमधल्या मुलांशीही स्पष्ट बोलायला हवे. एनर्जी ड्रिंकमध्ये लिटरला ३०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन चालते, म्हणजे २५० मिलीच्या कॅनमध्ये ७५ पर्यंत. दोन कॅन, वर चार चहा, तोंडात मावा आणि पहाटे तीनला झोप, एवढ्यावर धडधडणारे हृदय आजारी असेलच असे नाही. दम्याच्या पंपातल्या सालब्युटामॉलनेही धडधडते. मात्र पंप मनाने बंद करू नये.

पोलीस भरतीच्या अकॅडमी चालवणाऱ्यांना एक विनंती. १६०० मीटर संपल्यावर छाती उडणे वेगळे आणि ऐन पळताना शुद्ध हरपणे वेगळे. शुद्ध हरपली किंवा छातीत दुखले तर नाडी मोजत बसू नये, १०८ ला फोन करावा. अशा मुलाला ग्लुकोज पाजून दुसऱ्या दिवशी पुन्हा रांगेत उभे करू नये. ईसीजी, इको आणि हृदयरोगतज्ज्ञांची लेखी परवानगी होईपर्यंत मैदान बंद. ‘पळताना कधी चक्कर आली आहे का?’ आणि ‘घरात चाळिशीच्या आत कोणी अचानक गेले आहे का?’ हे दोन प्रश्न प्रवेश अर्जातच छापावेत आणि उत्तर ‘हो’ असेल तर आधी तपासणी, मग सराव.

– एक ईसीजी तंत्रज्ञ, सातारा